तिसरं माप

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू छातीच्या डॉक्टरांचा जो उद्धार केलास, तो मी मुकाट्याने ऐकून घेतला. अप्पांना घरी पाठवायची त्यांना एवढी काय घाई झाली होती, असं तू दहादा विचारलंस आणि मी नुसती हं हं करत राहिले. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

अप्पांची सोनोग्राफी मीच केली, हे तुला ठाऊक आहे. जन्मभर वेल्डिंगचा धूर आणि वर सिगारेटी, फुप्फुसं कामातून गेलीच होती. त्यांच्या खालचा पडदा श्वास ओढायला अजून साथ देतोय का, एवढंच बघायचं होतं. तो नीट खाली सरकत असेल तर घरी, नसेल तर दवाखान्यातच, मास्कच्या मशीनवर. बाकीचे रिपोर्ट काठावर होते, त्यामुळे डॉक्टर माझ्या आकड्यासाठी थांबले होते. खरं तर घरच्या माणसाची तपासणी आम्ही करत नाही. पण अप्पा हट्टाला पेटले. दुसऱ्या कुणाच्या हातून ते गारढोण जेल लावून घेणार नाही म्हणाले.

काय नाटकी माणूस होता रे! बरगड्यांखाली प्रोब टेकवला तर म्हणे, बघ गं, जुळी आहेत का. मी हसले, आणि स्क्रीनकडे बघून हसू जागच्या जागी विरलं. जोरात श्वास ओढा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून, मान ताणून, अगदी जीव खाऊन ओढला. पडदा जेमतेम दीड सेंटिमीटर हलला. दुसऱ्यांदाही तेवढाच. तिसऱ्यांदा मध्येच खोकला आला, अख्खं अंग हललं, माझा हात सरकला आणि स्क्रीनवर चार दिसले, धडधाकट माणसाचे असावेत तेवढे. असलं माप आम्ही टाकून देतो, पुन्हा घेतो. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

पण त्यांनी माझं मनगट धरलं. घरी जायचंय गं, माझ्या खाटेवर निजायचंय, म्हणाले. अप्पांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं तुला आठवतं? आणि मलाही ते चारच खरे हवे होते रे. मी चार लिहिले. खाली सही केली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते गेलेले होते. मशीनवर वाचले असते का, कोण जाणे. पण ती संधी मी त्यांना मिळू दिली नाही.

सोमवारी तू डॉक्टरांविरुद्ध तक्रार द्यायला निघालायस. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. उद्या मी स्वतः जाऊन त्यांना सगळं सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. काल जिन्यात भेटले तर मलाच धीर देत होते, मुलगी म्हणून तुम्ही काही कमी केलं नाहीत म्हणाले. मी उभ्या उभ्या मेले. तू तक्रार जरूर दे, धाकट्या. फक्त त्यांचं नाव खोड आणि तिथे माझं लिही.

तू अजून ताई म्हणणार असशील तर,
तुझीच,
ताई