पित्ताला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

प्रिय सुधीर,

हे ‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. आज समोर असतास तर भांडी आपटली असती मी. तुला जाऊन वर्ष होत आलं. आता गेलेल्या नवऱ्याशी कडाकडा भांडायचं कसं, हे इथे इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये कुणाला विचारू? म्हणून लिहितेय.

मुक्ताच्या वर्गाची ट्रिप जाणार आहे, तंबूत राहायला. काल मी नुसता विषय काढला, तर तुझी लेक रडायलाच लागली. “मला टेंटमध्ये नाही झोपायचा, आई! आय एम नॉट गोइंग!” मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जे तू तिला मला सांगू दिलं नव्हतंस, ते!

गेल्या वर्षी हाफ टर्मच्या सुट्टीत जॉर्डनच्या वाळवंटात बेदुईन लोकांकडे एक रात्र राहायचं, हा हट्ट तुझाच. बकरीच्या केसांचे काळे तंबू, आपले यजमान अबू सालेम स्वतः कॉफी उकळत बसलेले. त्यांनी वाळूत पुरून मटण शिजवलं होतं. एरवी मटणावर तुटून पडणारा तू, दोन घास खाऊन उठलास. “छातीत जळजळतंय. पित्त झालंय गं.”

आणि मी तुला मोरावळा दिला. वाळवंटात, मोरावळा! चमचा चाटून म्हणालास, “आता बरं वाटतंय.” खोटारड्या! आपल्या माणसांना छातीत काहीही झालं की पित्तच कसं रे होतं?

पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही, ही त्यांची रीत गाइडने सांगितली, तेव्हा तू किती खूश झालास! “शिक काहीतरी. नाहीतर तू, दारातून आत आलो की उलटतपासणी!” मीही हसले. अरे, पण तू पाहुणा होतास का माझ्या घरात?

मुक्ता सांगते, सकाळी मी बॅगा भरत होते, तेव्हा त्या म्हाताऱ्या अबू सालेमने आपली रीत मोडली. तुझं तोंड बघून राहवलं नसेल त्याला. काय होतंय, असं त्याने गाइडकरवी विचारलं. जीप काढतो, गावात दवाखाना आहे, म्हणाला. परका माणूस, सुधीर! आणि तू काय केलंस? हसत पोरीकडे वळलास, “मुक्ता, सांग त्यांना. पित्ताला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?”

“मला तो वर्ड येत नव्हता, आई. मी म्हटलं, ही इज जस्ट टायर्ड. मग बाबा म्हणाला, आईला सांगू नको, ती घाबरते. आय सेड द राँग वर्ड. म्हणून बाबा गेला.”

दहा वर्षांची पोर ही! वर्षभर हे पोटात घेऊन शाळेत जात होती, डबा खात होती, तुझ्या फोटोला हार घालत होती. मला वाटायचं, किती समजूतदार झालीये. काय म्हणू मी तुला?

ऑफिसात गोऱ्यांपुढे तासन्तास फाडफाड बोलायचास की! तेव्हा अडला नाही तुझा एकही शब्द. नेमकी त्या सकाळी पोरीची गंमत करायची हुक्की आली? घरी आल्यावर तरी जायचंस. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना कोपऱ्यावर आहे. मी रोज म्हणत होते, तू रोज “या आठवड्यात डेडलाइन आहे” म्हणत होतास. आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात कोसळलास.

मला फसवलंस, ते एक वेळ मी गिळेन. नवरे फसवतात, बायका ओळखून सोडून देतात. पण तिला का ओढलंस त्यात? बापाने सांगितलं म्हणून तिने ते इमानाने पाळलं रे.

काल तिला कुशीत घेऊन मी नुसतं “नाही गं, नाही गं” म्हणत राहिले. तेवढ्याने भागणार नाही, हे मला कळतंय. तिला खरं उत्तर हवंय.

तेव्हा आता ऐक. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आज ती शाळेतून आली की समोर बसवून सांगणार आहे, “मुक्ता, तुझा शब्द चुकला नव्हता, बाबा खोटं बोलला. चूक त्याची.” तिला तुझा राग येईल. येऊ दे. ती विचारेल तितक्या वेळा मी हेच सांगेन, तुझी बाजू न घेता. हे माझं तुला वचन.

यापुढे तिच्या मनात तू थोडा कमी चांगला बाबा असशील. वाईट वाटतंय? वाटू दे. जिवंत असतास तर तिच्यासाठी तू स्वतःच पुढे होऊन ‘चूक माझी’ म्हणाला असतास, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

तुझी,
नीलिमा