शेगडीवर ठेवलेला हात

जॉन्सटाउन, १४ जानेवारी

प्रिय गस,

मिलान रविवारी तुला भेटायला पिट्सबर्गला येतो आहे, म्हणून हे पत्र लिहिणं मला भाग आहे. आपल्या चुलतभावाच्या तोंडून रंगवून ऐकण्यापेक्षा तू ते सख्ख्या बहिणीकडून सरळ वाचलेलं बरं. तुझा नवा खुबा कसा आहे? काठी घेऊन चालतोस, की नर्सशी वाद घालत पडून असतोस? माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. खुशाली आधीच उरकते, कारण पुढचं वाचल्यावर तू माझी विचारशील असं वाटत नाही.

नेस्टर कबायेरो गेला. (घाबरू नकोस, जिवंत आहे. मिलानच्या संघात गेला.)

ऑपरेशनला जाताना तुझा कागदावरचा संघ माझ्याकडे सोपवून तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस: "लुड्मिला, माझ्या संघाचं काय वाटेल ते कर, नेस्टर तेवढा सांभाळ." मला ते पटलं नव्हतं, हे मी तेव्हाच बोलले होते. सदतिसाव्या वर्षी बेसबॉलच्या मैदानावर कॅचर म्हणून उकिडवं बसणाऱ्या माणसाचे गुडघे माझ्याहून वाईट असणार. करार करताना आपण त्याच्या झालेल्या उन्हाळ्यांची किंमत देत नसतो, यायच्या उन्हाळ्यांची देतो. इतकं साधं गणित मोठमोठ्या क्लबांच्या मालकांना कळत नाही आणि ते दर डिसेंबरात म्हाताऱ्या खेळाडूंवर खजिना उधळतात. पण शब्द दिला होता, म्हणून त्याला शेवटी एका डॉलरात ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं. दुसरं कोण मागणार होतं त्याला?

पोलादाचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात पपांनी तळघरात हा खेळ काढला, तेव्हापासूनची रीत तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण माझं काय चुकलं ते तिच्याशिवाय कळायचं नाही. प्रत्येकाचा कागदावरचा संघ, प्रत्येकाला खोट्या डॉलरांची पिशवी, आणि करार संपून मोकळ्या झालेल्या खऱ्या खेळाडूंवर बोली. शेगडीवर हात ठेवून नाव, वर्षं आणि रक्कम उच्चारली की करार पक्का. मग परमेश्वर आला तरी तो मोडत नाही. (शेगडी कित्येक वर्षांत पेटलेली नाही. पेटत असती तर बरं झालं असतं, हे पुढे दिसेलच.) पपांच्या मागे कारखान्याची घंटा माझ्याकडे आली आणि घंटा ज्याच्याकडे, त्याचा निकाल शेवटचा. गेल्या वर्षी मिलान मांजराला अडखळला आणि पडता पडता त्याने शेगडी धरली, तेव्हा तोंडात एका भिकार शॉर्टस्टॉपचं नाव होतं. तो गयावया करत होता. मी घंटा वाजवली आणि म्हटलं, "हात तो हात."

यंदा कोल्टन रीव्ह्ज मोकळा झाला होता. चोविशीचा पिचर, चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा, पण कोपर दोनदा कापलेलं. त्याला पाच वर्षं द्यावीत असं मिलानचं मत. मला राहवेना. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या बाईला उभं राहून बोलायची सवय असते आणि उभं राहिलं की गुडघा आधार मागतो. मी टेकले आणि सगळ्यांना समजावू लागले, की एखादा महामूर्ख उठेल आणि म्हणेल, कोल्टन रीव्ह्ज, पाच वर्षं, पिशवीतले सगळे डॉलर…

तळघरात शांतता पसरली. मला वाटलं, मुद्दा पोचला.

"बाई," मिलान अगदी मायेने म्हणाला, "हात कुठे आहे बघा."

मी उदाहरण देत होते, हे सांगून पाहिलं. बोझेना मावशी विणकामावरून नजर न काढता म्हणाल्या, "मांजरसुद्धा उदाहरणच होतं गं." माझीच घंटा मलाच वाजवावी लागली. तुझी पिशवी रिकामी झाली आणि मिलानने नेस्टरवर एक डॉलर ठेवला. तेव्हा कोणी हसलं नाही. मला ते विचित्र वाटलं.

कोट चढवताना मावशींनी सांगितलं. कित्येक वर्षांपूर्वी तू तापाने पडला होतास तेव्हा तुझ्या जागी विल्मा वहिनी आली होती (मी बर्फामुळे घरीच होते). तिने खेळाडूंचे फोटो चाळले आणि म्हणाली, "ह्या पोराला घरी कोणी जेवायला घालत नाही वाटतं, हा आम्हाला द्या." तो नेस्टर. गस, तू मला हे का सांगितलं नाहीस? मी तुला गुडघ्यांचे आकडे वाचून दाखवत राहिले आणि तू नुसता मान हलवत होतास. विल्माला जाऊन अजून वर्ष झालं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मला झोप न लागण्याची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी अक्रोडाचा रोल भाजून मिलानच्या गॅरेजात गेले. त्याने रोल संपवला, बोटं पुसली आणि नेस्टरच्या बदल्यात घंटा मागितली. मी दिली.

तुझी बहीण,
लुड्मिला

ता. क. आज सकाळी रेडिओवर सांगितलं, की नेस्टर कबायेरो आता खेळणार नाही. गावी मासेमारीची होडी घेतो आहे. निवृत्त खेळाडू संघातून बाद, हा नियम मीच केलेला. मी मिलानला फोन करून तसं प्रामाणिकपणे कळवलं. त्याने माझ्या कानात पान्ह्याने घंटा बडवली आणि निकाल दिला: गस आहे तोवर नेस्टर गसच्या संघात. हे पूर्ण नियमबाह्य आहे, असं मी म्हटलं. त्याने पुन्हा बडवली.

आणखी एक. मावशी म्हणतात, तू यापुढे तळघरात येणार नाहीस, मुलाकडे फ्लोरिडाला जाऊन राहणार आहेस. रीव्ह्जचा करार तुझ्या नावावर आहे आणि करार संपेपर्यंत मालकाने दर हिवाळ्यात स्वतः हजर राहायचं, हा पपांचा नियम अजून कोणी बदललेला नाही. ही विनवणी समजू नकोस, मी नियम सांगते आहे. बाकावर तुझा खुबा टिकणार नाही, म्हणून शेगडीजवळ उंच खुर्ची आणून ठेवली आहे.

देवाणघेवाणीची नोंद. मिळालं: नेस्टर कबायेरो, गुडघ्यांसकट. दिलं: अक्रोडाचा रोल, अख्खा, पपांची घंटा, लाकडी मुठीसह, आतला लोलक सोडून. साक्षीदार बोझेना मावशी. लोलक आज दुपारी, त्या निकालानंतर, मी स्वतः नेऊन दिला.