लंगडे इलेव्हन

३ मार्च
नावाचा वाद पेटलाच. छापखान्याच्या कँटीनमध्ये सभा. टीममधल्या नव्या पोरांचं म्हणणं – 'लंगडे इलेव्हन' हे काय फुटबॉल टीमचं नाव झालं? समोरचे मुद्दाम पाय ओढत मैदानात उतरतात. पोरांना 'वादळ' हवंय. जुने खेळाडू खवळले. अध्यक्षांनी, म्हणजे छापखान्याच्या आताच्या मॅनेजरांनी, दहाव्या वर्षाची स्मरणिका काढून पान बारा वाचलं – पहिल्या फायनलला कॅप्टनचा घोटा मुरगळला, तरी गडी लंगडत पुढे गेला आणि गोल मारून आला, तेव्हापासून आपण लंगडे! टाळ्या पडल्या. पोरांनीही वाजवल्या. मी चिटणीस, इतिवृत्त लिहीत होतो. मान वर केली नाही.

५ मार्च
इथे तरी खरं लिहावं. पान बारा माझं आहे.

तेव्हा मी कंपोझिटर होतो. स्मरणिका मशीनवर चढायची वेळ झाली आणि त्या पानावर खालची अर्धी जागा कोरी. फोरमन म्हणाले, "भर काहीतरी." मी कागदावर न लिहिता थेट छपाईचे खिळेच जुळवले. दहा मिनिटांत इतिहास तयार! कॅप्टन तोवर गाव सोडून गेला होता. त्याचा घोटा कधीच मुरगळला नव्हता.

खरं असं – माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, डावा पाय लहानपणापासून अधू. तो बाइंडिंगला होता, आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचा. मी सतरा वर्षांचा, टीममध्ये नवा. थोरल्या खेळाडूंनी मला आपल्यात घ्यावं म्हणून काहीही करायला तयार. एकदा दादा रेषा मारत निघाला आणि मी त्याच्यामागून तस्साच पाय ओढत चाललो. माझ्यामागे दुसरा, मग तिसरा. अकराच्या अकरा! कडेचे प्रेक्षक ओरडले, "लंगडे आले!" नाव तिथेच चिकटलं. दादाने एकदा मागे वळून पाहिलं, मग रेषा पुरी केली.

पुढे पान बारा छापून आलं तेव्हा त्या अकरांतला कुणी काही बोलला नाही. सगळ्यांना ते सोयीचंच होतं. आता त्यांच्यापैकी सभेला येणारा मी एकटा उरलोय. लिहितानाही कान तापलेत.

६ मार्च
दादाने विचारलं, सभेत काय झालं. म्हटलं, चहा बरा होता.

९ मार्च
गोलकीपर घरी आला. हाच पोरांचा पुढारी.

"काका, तो कॅप्टनचा किस्सा खरा आहे ना? खरा असेल तर नावाला हात लावणार नाही आम्ही."

"अगदी खरा," मी म्हणालो. डोळ्याला डोळा भिडवून! लाज कोळून प्यायलोय मी.

१२ मार्च
राहवेना. दादा खाटेवर बसून बुटाची नाडी ओवत होता. त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तो नाडीच ओवत राहिला.

"ठाऊक आहे. मागे वळलो तेव्हा सगळ्यात पुढे तूच होतास."

त्याच संध्याकाळी म्हणे कॅप्टन, स्वतःही नक्कल करून ओशाळलेला, त्याच्याकडे आला होता – कुणी सुरू केलं सांग, त्याला टीममधून काढतो. दादा म्हणाला, दिसलं नाही कोण ते. आणि नाव राहू द्या, झकास आहे. माझी जागा टिकावी म्हणून याने ते नाव चाळीस वर्षं ऐकून घेतलं. आणि मी? मी त्याला एकदा सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"पण तुझं ते अर्धं पान आल्यापासून बरं चाललंय," तो म्हणाला. "पोरं विचारतात, तुम्ही तो गोल पाहिलात का? मी सांगतो, कॉर्नरच्या झेंड्यापाशीच उभा होतो. आता माझ्या पायाकडे बघून कुणी हसत नाही. राहू दे तो किस्सा."

मला रडू फुटलं. अजूनही हा मलाच पाठीशी घालतोय! हे आता बास. त्याला न्याय मिळायलाच हवा.

१६ मार्च
सांगून टाकलं! भर सभेत उभा राहिलो. म्हटलं, पान बारा खोटं, कॅप्टनचा घोटा खोटा. लंगडा होता तो माझा दादा – मागच्या बाकावर बसला होता, त्याच्याकडे हात केला – आणि त्याची पहिली नक्कल करणारा मी. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. गोलकीपरने तेवढी नजर खाली घातली. नाव बदलायचा ठराव एकमताने पास. मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली, "याला हिंमत लागते." किती हलकं वाटलं म्हणून सांगू! दादा मधेच कधी उठून गेला, लक्षात आलं नाही.

१७ मार्च
आत्ता दादा माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "तेव्हा निदान पाठीमागे केलं होतंस."