खाचेतली टग

प्रिय आर्वो,

तुझा हुकूम पोचला. ‘लेम्पी, एमिलची बर्फफोडी बोट तिकडं येतेय. सामान बांध, गुपचूप घरी ये, आणि त्या धुडावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.’ अरे, सारा जन्म बोटीवर काढलास, आणि रेडिओच्या मोकळ्या चॅनेलवर बायकोला झापायचं नसतं हे विसरलास? अख्ख्या सुपीरियर सरोवरानं ऐकलं. मी उत्तर देईपर्यंत दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीवरून एक बाप्या नाजूक आवाज काढून ‘हो रे, राजा’ म्हणाला. आमचा इंजिनियर स्टॅश हसून हसून भिंतीला टेकला. मला मात्र रडू आलं, खोटं कशाला सांगू?

वाऱ्यानं सगळा बर्फ व्हाइटफिशच्या उपसागरात ढकललाय आणि आम्ही त्याच्या मधोमध अडकलोय. नदीत जहाजांची कोंडी झालीय, बर्फफोड्या बोटींनी ती फोडल्याशिवाय आमचा नंबर लागायचा नाही. तुझा जुना सोबती म्हणून एमिल फक्त मला उचलायला वाकडी वाट करून येतोय, तुझ्या शब्दाखातर. खिडकीबाहेर पांढरं, पांढरं आणि पांढरं. आमच्या बार्जचं, म्हणजे तुझ्या त्या धुडाचं, लोखंड अधूनमधून असं कण्हतं की हातातला झारा थांबतो. बटाटे संपले. वेलदोड्याचा पाव तेवढा रोज भाजते, त्या वासानं माणसं जरा माणसात राहतात.

या बोटीचं नाव काढलं की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस. पत्राला बटण नसतं, तेव्हा आज ऐक. ‘हेंड्री’ वाफेवर चालत होती तेव्हा तिच्यावर तीसेक माणसं होती आणि तू तिचा फर्स्ट मेट, कॅप्टनच्या खालोखाल. मग कंपनीनं तिची पुढची सुकाणूखोली उतरवली, मागचं इंजिनघर कापून काढलं आणि पाठीमागे खोल खाच पाडली; उरली ती बिनइंजिनाची बार्ज. त्या खाचेत आमची टग, ही छोटी दणकट ढकलबोट, नाक खुपसते. टगच्या दोन्ही कुशींतून माणसाच्या कमरेएवढे पोलादी दांडे बाहेर सरकतात आणि बार्जच्या भिंतीतल्या दातांमध्ये जाऊन बसतात. लाटांवर टगला मान हलवता येते, सुटता येत नाही. आता डझनभर माणसांत भागतं. तू म्हणालास, ‘मुंडकं उडवलं, शेपूट तोडली, आता मागून ढकलत फिरवतात. हिला काय बोट म्हणायची?’ तुला डेकवरचं साधं काम देऊ केलं, ते तू नाकारलंस. बरोबरच केलंस. मेटनं दोर ओढायचे का? तेव्हा मीही तुझ्याइतकीच चिडले होते.

पण मग तू खुर्चीत बसलास तो बसलासच. नदीकडचा पडदा ओढलास. मी इथं स्वयंपाकाला लागले तर म्हणालास, ‘जा, प्रेताला जेवू घाल.’ प्रेत कसलं रे? तिच्या पोटाखालचा माल वाहायचा पट्टा अजून तोच आहे. तू ज्या रोलरांच्या नावानं बोटं मोडायचास ते अजून तसेच किंचाळतात. धक्क्यावर एका माणसाचीही मदत न घेता ती आपली लांब दांडी फिरवते आणि दगडाचा डोंगर ओतून मोकळी होते. आपल्या घरावरून जाताना कॅप्टन लाडूसर सलामीचे तीन लांब, दोन आखूड भोंगे देतो. तुझ्या वेळी तो भोंगा ऐकला की मी टेबलावरची चादर ओढून ती हलवायला ओसरीवर पळायचे, बश्या फुटल्या तरी. आता मी डेकवर उभी राहते आणि पडदा हलत नाही. कॅप्टन दुसरीकडं बघतो. बिचारा, त्यालाच लाज वाटते.

काल त्यानं दांडे आत ओढून टग खाचेतून बाहेर काढली, बार्जभोवतीचा बर्फ फोडायला. फोडला थोडाफार. पण परत शिरायला गेलो तर दांडे दातांत बसेनात. तळातलं वजनाचं पाणी आधीच काढून टाकलं होतं, बार्ज वर उचललेली, आणि पाणी भरायचे नळ गोठलेले. दोघींची उंची जुळली नाही की तिथं दांडगाई चालत नाही. स्टॅश पोलिशमध्ये शिव्या घालत नळांवर वाफ मारत होता, मी चुलीवरून उकळतं पाणी पोचवत होते. हात भाजले, नाक गोठलं. बार्ज हळूहळू खाली बसली आणि दांडे धाडकन दातांत गेले. आर्वो, मी लहान पोरीसारखी ओरडले! आणि ओरडता ओरडताच मनात आलं, घरात मी अशी शेवटची कधी ओरडले होते? आठवेना. इथं चहूबाजूंनी बर्फ आहे तरी मला श्वास येतो. त्या पडद्यामागं माझा जीव गुदमरतो. तू आजारी नाहीस, पांगळा नाहीस, फक्त रुसलायस, आणि तुझ्या रुसव्यात मी किती वर्षं कोंडून घ्यायचं? कॅप्टननं विचारलं, पुढच्या हंगामाला येणार का? मी म्हटलं, नवऱ्याला विचारून सांगते. स्टॅश बाजूला पुटपुटला, ‘म्हणजे नाहीच.’

एमिलची बोट आता दिसू लागलीय. माझी बॅग बांधलेली आहे, रात्रीच बांधली, सवयीनं. तो हात पुढे करून ‘चला वहिनी’ म्हणेल आणि मी त्याच्या हातात एक पाव आणि हे पत्र ठेवीन. माझ्या जागेवर हे बसून येईल. कॅप्टनला मी मघाशीच हो सांगितलं, तुला न विचारता. ही बर्फाची कोंडी सुटली की मी घरी येईन, पण हंगाम संपला म्हणून येईन, तू बोलावलंस म्हणून नाही. आणि वसंतात सरोवराचा बर्फ वितळला की पुन्हा निघेन. एमिलवर ओरडू नकोस, त्याचा काय दोष? त्याला आत बसव, कॉफी कर. कॉफी कुठल्या डब्यात असते ते तुला ठाऊक नाही. शोध.

अजूनही तुझीच,
लेम्पी