खिम्याची पारख

ती. अंबूताईस केशवापुराहून प्रभंजनाचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? चातुर्मासात एकभुक्त राहतेस, सोवळ्याशिवाय पाण्यालाही हात लावत नाहीस, असं तुझ्या सुनेने कौतुकाने कळवलं. आम्ही ठीक आहोत. (मी ठीक नाही. फोन गोदावरीच्या कानावर पडतो, म्हणून पत्र.)

साकेत आणि निवेदिता बेंगळुरूहून कायमची इकडे आली, हे तुला ठाऊक आहे. येताना त्यांनी व्हीगनपणा आणला. आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी. सूनबाईंच्या मते अर्धे मांसाहारी, कारण दूध गाईचं. पहिल्या आठवड्यात तूप गेलं, दुसऱ्यात दही. (दह्याविना दहीबुत्ती म्हणजे गार भात.) आता तिला सुभाष रोडवर व्हिएतनामी सँडविचचं दुकान काढायचं आहे. त्याला बान मी म्हणतात. लांब कुरकुरीत पाव, आत आंबवलेला मुळा, गाजर, कोथिंबीर, मिरची आणि मांस. नुसतं मांस वगळलं असतं तर पाव-कोशिंबीर म्हणून आम्ही निमूट खाल्लं असतं. पण तिने अळणावरकडच्या कच्च्या फणसाचं डुकराचं मांस केलं, अळंबी-अक्रोडाची कलेजी केली, सोयाबीनच्या खिम्याचे गोळे सळईवर भाजले. ज्यांनी मांस कधी चाखलं नाही त्यांच्यासाठी हुबेहूब मांस. चाळीस वर्षांच्या वकिलीत असा खटला माझ्याकडे आला नव्हता.

रविवारी चव बघायला गोदावरीचं भजनी मंडळ बोलावलं. निवेदिता प्रत्येकीला विचारत होती, खऱ्यासारखं लागतं का? सगळ्या म्हणाल्या, अगदी तस्सं. (तुम्हाला कसं कळलं, हे कोणी विचारलं नाही.) खोटी साक्ष मला सहन होत नाही, हे तू जाणतेस.

"जवळ आलंय," मी म्हणालो, "पण खिमा दाताखाली जरा अडतो. हा विरघळतो."

टाळ ठेवल्यासारख्या सगळ्या थांबल्या. निवेदिताने आनंदाने वही काढली आणि चरबीबद्दल विचारलं. मी त्याचंही उत्तर दिलं. गोदावरी रागावली की कानडीत बोलते, आणि मोजकं.

"गोत्तायतु, बिडरी." समजलं, राहू द्या.

त्यानंतर ती बोललेली नाही. माझं ताट वेगळं झालं आहे. शुक्रवारी सत्यनारायण. छत्तीस वर्षं आम्ही दोघं पाटावर बसलो. यंदा साकेत आणि निवेदिता बसणार. पंचामृतात नारळाचं दूध, सोयाबीनचं दही, मधाऐवजी गूळ. देवाला ते चालेल, मी चालणार नाही. ताई, विनोद बाजूला ठेवतो. मला तिच्या शेजारी बसायचं आहे.

तुझा,
प्रभंजन

ता. क. बुधवारी गोदावरी तुला फोन करील. लहानपणी विषमज्वरानंतर डॉक्टरांनी मला खिमा सांगितला होता आणि तू नाकाला पदर लावून तो भरवलास, असं मी तिला सांगितलं आहे. तू फक्त हो म्हण. या घरात तुझा शब्द कोणी तपासत नाही.

आणखी एक. सोवळ्यात खोटं बोलणं जड जात असेल तर खरं सांग. तुझा बी.ए.चा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मला सावजी मटणाच्या खाणावळीत कोणी नेलं, पडद्यामागच्या बाकावर समोर कोण बसलं होतं, आणि रस्सा दुसऱ्यांदा कोणी मागवला.

निवेदिता आणखी एक जाणकार शोधते आहे. तुझं नाव मी अजून सांगितलेलं नाही.