भावजींची पारध

रंगपंचमी, धायरी

भावजींनी आज डोंगरावर मारलेली सशाची मादी आणून माझ्या ओट्यावर टाकली. म्हणाले, "वहिनी, आधी आम्हाला ओवाळा. पारधीची रीत हाय आपली, वाडवडलांपासनं." मी तिच्या पोटाला हात लावला तर बोटांना दूध लागलं. म्हणजे झुडपात कुठंतरी पिल्लं असणार. तसं बोलले, तर म्हणतात, "वहिनी आता डाक्टर झाल्या."

रीत कसली? वाडवडील पायी जायचे, हे जीपमधून गेले. वाडवडील पोळ्याला बैल पूजायचे, ह्यांनी बैल विकले आणि रान बिल्डरला दिलं. तिथं आता कंप्युटरवाल्यांच्या इमारती. सगळं सोडलं, मारायचं तेवढं धरून ठेवलं. आणि मी? वीस वर्षं ओवाळलंच की मुकाट्याने. तेव्हा कधी हात लावून बघितलं नाही. दोनदा हात धुतले, तरी ते दूध डोक्यातून जात नाही.

आज ओवाळायचं ताट उचललं नाही. सासूबाई म्हणाल्या, देव कोपेल. म्हटलं, कोपू दे.

"मग शिजवणार कोण?" भावजी.

"रीत तुमची, शिजवा तुम्हीच."

कुणी उठलं नाही. रागाने जेवलंही नाही कुणी. मी पिठलं-भाकरी वाढून घेतली आणि सगळ्यांच्या समोर बसून पोटभर जेवले.