गप्प बसायची कमांड

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण पुढेमागे लोक विचारतील, खंडेराव, हे सुचलं कसं? तेव्हा तारखा जवळ असलेल्या बऱ्या.

पालघरजवळच्या माहीमच्या बर्फ कारखान्यात आमचा नवा डबा बसणार, १४ तारखेला. अमोनिया गळला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आमच्या कंपनीचे सुजितशेठ म्हणाले, जुना डबा फार वाजतो अशी तक्रार आहे. कॉम्प्रेसरचं तेल काढताना जरासा गॅस येतोच, तेवढ्यालाही बोंबलतो. काहीतरी करा.

केलं. चहा संपायच्या आत. डब्याच्या कर्नललाच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यालाच, नवी कमांड द्यायची: गप्प बस.

निश्चय: घाई नाही. सगळ्या बाजूंनी विचार करायचा आणि मगच माझं म्हणणं मान्य करायचं.

मंगळवार, ४ नोव्हें.
बायकोला, वर्षाराणीला समजावलं. कर्नल म्हणजे गेटवरचा वॉचमन. आत सेन्सर बसलाय, बाहेर आपला प्रोग्राम. प्रोग्रामला सेन्सरशी बोलायचं तर वॉचमनमार्फत. सध्या वॉचमनला एकच काम येतं, आकडा विचारला की सांगतो. मी त्याला सांगितल्यावर गप्प बसायला शिकवतोय.
ती म्हणाली, वॉचमनला हे शिकवावं लागतं होय? आणि भाजी निवडायला बसली.
घरात तांत्रिक वातावरण नाही.

बुधवार, ५ नोव्हें.
ऑफिसातल्या स्वातीचा विरोध. पोरगी हुशार आहे, उमरोळीची, नोकरीला दोन वर्षंही झाली नाहीत. म्हणते, सर, कर्नलला हात नको. गप्प बसवायचं ते वरच्या प्रोग्राममध्ये करू. कर्नलची कमांड एकदा बाहेर दिली की लोक तिच्यावर विसंबतात, मग परत घेता येत नाही. शिवाय ज्यानं गप्प बसवलं तो प्रोग्रामच बंद पडला, तर परत बोल म्हणून कोण सांगणार?
मी म्हणालो, प्रोग्राम मी लिहिलाय. तो बंद पडत नाही.
मग म्हणाली, निदान दहा मिनिटांनी आपोआप सुटेल असं करा. पुढच्या व्हर्जनमध्ये, म्हणालो. निदान गप्प असताना खरा आकडा तरी दाखवू दे. मी म्हणालो, गप्प म्हणजे गप्प. शून्य दाखवेल. आकडा पाहून लोक उगाच घाबरतात.
शेवटी म्हणाली, कारखान्यात जाऊन एकदा विचारून येऊ. मी म्हणालो, डॉक्टर पेशंटला विचारून औषध देतो का? जेवताना लक्षात आलं, विचारूनच देतो. पण मुद्दा तो नव्हता.

शुक्रवार, ७ नोव्हें.
कमांड लिहून झाली. नुसती डब्यात कशाला ठेवायची? हाच कर्नल जगभर वापरतात; तो सांभाळणाऱ्या मंडळींना मेल केली, की ही तुमच्याकडेही घ्या. घेतली तर कर्नलमध्ये माझं नाव कायमचं. बोईसरच्या एमआयडीसीतून पहिलंच असावं. चौकशी केलेली नाही.

सोमवार, १० नोव्हें. ११.३०
उत्तर आलं. एकच ओळ. याचा वापर कोण करणार?
म्हणजे उत्सुकता आहे. मागणीचा अंदाज घेतायत.
स्वातीनं वाचलं आणि तिच्या कामाला लागली.

मंगळवार, ११ नोव्हें.
शेठच्या केबिनमध्ये निकाल. स्वातीनं तिचं सांगितलं, मी माझं. शेठ म्हणाले, खंडेराव, तिथं माणसं काम करतात. जिवाचं काम आहे. खात्री आहे ना? शंभर टक्के, म्हणालो. त्यांनी तसं कागदावर लिहून सही घेतली. हात थरथरला नाही, पंख्यामुळे कागद हलत होता.


शुक्रवार, १४ नोव्हें.
माहीम. डबा बसवला. यंत्रावरचा दामू, पन्नाशीचा, तीस वर्षं अमोनियात काढलेला. जुन्या डब्याचं काय करायचास, विचारलं. त्यानं दाखवलं. तेल काढायच्या वेळी स्टीलचा पेला सेन्सरवर उपडा ठेवायचा, झालं की उचलायचा. मी म्हणालो, उचलायला विसरलास तर? तो म्हणाला, इसरन कसा सायेब, आमी चा त्यातच पितो ना.
मग तक्रार कुणाची होती? दामू म्हणाला, माजी नाय. पलीकडं ऑफिस हाय, त्यांची झोपमोड होते.
अडाणी उपाय. हसू आवरलं. त्याला तेल काढायला लावलं. भोंगा वाजला. ११.४० ला मी स्क्रीनवरचं बटण दाबलं आणि भोंगा बंद. आकडा शून्य, दिवा हिरवा. बर्फ न्यायला आलेली जयवंती टोपली घेऊन उभी होती, तिनं पाहिलं. दामू म्हणाला, बरा हाय. एवढ्यात परतीची रिक्षा आली, निघालो.

शनिवार, १५ नोव्हें.
ऑफिसात बसून कारखान्यातला प्रोग्राम बदलला. किरकोळ सुधारणा. स्क्रीनवर खाली आता येतं: संकल्पना – खंडेराव. प्रोग्राम बंद करून नवा सुरू केला. पटकन झालं. दिवा हिरवा, आकडा शून्य. ठणठणीत.

सोमवार, १७ नोव्हें.
चार दिवसांत एकही खोटा भोंगा नाही. सतत शून्य. शेठना आकडे पाठवले. स्वातीनं विचारलं, सर, सतत शून्य कसं? तेल काढताना तरी थोडा आकडा यायला हवा. मी म्हणालो, दामू पेला ठेवत असेल, सवय.
ती म्हणाली, चौदाला गप्प केलेला परत बोलता केला होता ना?
अर्थात, म्हणालो.
कर्नलवाल्यांची दुसरी ओळ: तुमच्याशिवाय वापरणारा एक तरी माणूस सांगा. हे लोक फार खोलात जातात.

मंगळवार, १८ नोव्हें.
केला असणारच. बटण दाबलं, भोंगा थांबला, दामू बोलला, रिक्षा आली. मध्ये केव्हातरी केला असणार. फोन करून विचारावं तर दामूला काय वाटेल. उद्या तिकडे जातोच आहे असं काहीतरी निमित्त काढू.
निश्चय: उद्या सकाळी पहिलं काम.

बुधवार, १९ नोव्हें. ९.५०
सकाळी गॅस सिलिंडर आला, थांबावं लागलं. ऑफिसात पोचलो तर स्वाती फोनवर. माहीमला अमोनिया गळला. भोंगा वाजला नाही.

१९ नोव्हें. दुपारी ४
सगळे जिवंत आहेत. आधी हे लिहितो.
कॉम्प्रेसरजवळ गळती झाली. दामूच्या नाकाला कळलं. त्यानं गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवून फिरवली, पांढरा धूर जिथं उठला तिथला व्हॉल्व बंद केला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. जयवंती टोपली आणायला परत आत गेली. डोळे, घसा. पालघरला दवाखान्यात नेली. मी गेलो होतो. डोळ्यांवर पट्टी होती. तिची मुलगी उशाशी बसलेली, तुम्ही कोण, म्हणाली. कंपनीतला, म्हणालो. नाव सांगितलं नाही.
स्वातीनं डबा उघडून पाहिला. कर्नल गप्प. १४ तारखेपासून. ज्या प्रोग्राममधून त्याला गप्प बसवलं, तो १५ ला मीच बंद केला. नव्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की वॉचमनला बोलायची मनाई आहे.
तिनं तारीख आणि वेळ लिहून घेतली.

गुरुवार, २० नोव्हें.
जयवंती घरी आली. डोळे वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून दोन मिनिटं आत असती तर सांगता आलं नसतं.
अपघाताच्या रिपोर्टला दामूनं मोबाइलवर काढलेला फोटो जोडलाय. पाठीमागे पांढरा धूर. पुढे आमचा स्क्रीन. हिरवा दिवा, शून्य, आणि खाली माझं नाव. स्पष्ट वाचता येतं.
शेठनी माझी सही असलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मी पंख्याबद्दल काही बोललो नाही.

शुक्रवार, २१ नोव्हें.
माहीमला गेलो, स्वातीबरोबर. कमांड काढली. स्वाती म्हणाली, बरं झालं सर, अजून कुणी तिच्यावर विसंबलं नव्हतं.
दामूनं चहा दिला. त्याच पेल्यात. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो, पण तो सारखा माझ्या हाताकडे बघत होता. शेवटी म्हणाला, सायेब, बिगी बिगी प्या, तेल काडायचा हाय. चटका बसला तरी प्यायलो आणि पेला दिला.
संध्याकाळी कर्नलवाल्यांना उत्तर पाठवलं. वापरणारा माणूस एक. मी. एकदाच.